सोनघंटेच्या निमित्ताने : वनस्पतींचे नामकरण आणि मराठीचा अभ्यासक

१८९४ साली क्यू येथील राजोद्यानाच्या पत्रिकेत सह्याद्रीतील एका झुडपाचे वर्णन प्रसिद्ध झाले. घंटेसारखी लोंबती, पिवळट-केशरी फुले येणाऱ्या या झुडपाला 'अब्युटिलॉन रानडेई' असे नाव देण्यात आले. नाव देणारे दोघे : पुण्याच्या शास्त्र महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे जी. एम. वुड्रो आणि क्यू येथे काम करणारे, जन्माने ऑस्ट्रियन असलेले ओटो स्टाफ. ज्यांचे नाव झुडपाला लाभले ते एन. बी. रानडे हे वुड्रो यांच्यासोबत वनस्पतिसंग्रहाचे काम करणारे गृहस्थ. कोल्हापूरकडून कोकणात उतरणारा आंबा घाट हे या झुडपाचे नोंदलेले ठिकाण. महाराष्ट्राबाहेर ते निसर्गतः आढळत नाही आणि महाराष्ट्रातही क्वचितच आढळते.

मराठीच्या अध्यापकाने या नावाकडे पाहिले की त्याला प्रथम दिसते ते व्याकरण. 'अब्युटिलॉन' हा शब्द अरबी वैद्यकातून आलेला; इब्न सिनाच्या ग्रंथातील वनस्पतिनामाशी त्याचे नाते सांगितले जाते. 'रानडेई' ही लॅटिनमधील षष्ठी. पुरुषाच्या नावाला 'ई', स्त्रीच्या नावाला 'ए', एकाहून अधिक व्यक्ती असल्यास अनेकवचनी प्रत्यय, अशी ती व्यवस्था आहे. मराठीत षष्ठी लावताना आपण 'रानडे'चे सामान्यरूप करून 'रानड्यांचे' म्हणतो. लॅटिनने मात्र आडनाव न मोडता त्याला आपला प्रत्यय जोडला. अरबी मूळ, लॅटिन विभक्ती आणि कोकणी वळणाचे मराठी आडनाव असा तीन भाषांचा संकर त्या दोन शब्दांत झालेला आहे. त्याच झुडपाला मराठीत 'सोनघंटा' किंवा 'घंटीमुद्रा' म्हणतात. यांतील दुसरे नाव मला अधिक अर्थपूर्ण वाटते. संस्कृत वैद्यकात जी 'अतिबला', तिला मराठीत फळाच्या शिक्क्यासारख्या आकारावरून 'मुद्रा' म्हणतात, आणि ती याच अब्युटिलॉन प्रजातीतली. म्हणजे 'मुद्रा' हे प्रजातिनाम आणि 'घंटी' हे जातीचे व्यावर्तक विशेषण झाले. लिनियसने १७५३ साली ज्या द्विपदी पद्धतीला शास्त्राचे रूप दिले तिचा सांगाडा लोकभाषेत असा आधीपासूनच असतो. 'काळा कुडा', 'पांढरा कुडा', 'तांबडा कुडा', 'नागलकुडा' ही मालिका पाहिली तरी हे ध्यानात यावे.

हा विषय मराठी विभागाच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे म्हणणे असे की, नव्या वनस्पतीचे नामकरण ही जितकी शास्त्रीय तितकीच भाषिक घटना आहे. आणि ती आपल्या डोंगरांत, आपल्या भाषेच्या प्रदेशात वारंवार घडत असताना आपण मराठीचे लोक तिथे गैरहजर असतो. या गैरहजेरीची किंमत शास्त्राला थोडी आणि मराठीला बरीच मोजावी लागते. ती कशी, हे सांगण्यापूर्वी नामकरणाची रीत थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

वनस्पतींच्या नावांना एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. लिनियसचा १७५३ चा ग्रंथ हा तिचा आरंभबिंदू. त्याआधीच्या नावांना तिच्या लेखी अस्तित्व नाही. त्यानंतर जे नाव नियमानुसार प्रथम प्रसिद्ध झाले ते ग्राह्य. पाठचिकित्सा करणाऱ्याला ही शिस्त परकी वाटू नये; जुनी पोथी कोणती, हा आपलाही पहिला प्रश्न असतो. १९३५ च्या आरंभापासून नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे सक्तीचे होते. २०१२ पासून लॅटिन वा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते. म्हणजे ज्या लॅटिनला मृत भाषा म्हणण्याची आपल्याला सवय आहे, तिच्यात २०११ अखेरपर्यंत जगभर नवे गद्य लिहिले जात होते. कोरडे, क्रियापदांची काटकसर करणारे, पण गद्यच. वर्णनाची भाषा अशी बांधलेली असली तरी जातिवाचक नाम कोणत्याही भाषेतून घेता येते, किंबहुना ते मनाने रचले तरी चालते. आणि १९५८ पासून आणखी एक अट आहे : नाव ज्यावर आधारलेले आहे तो नमुना, ज्याला त्या शास्त्रात 'टाईप' म्हणतात, स्पष्टपणे सांगावा लागतो. कागदावर चिकटवलेली वाळकी फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर ठिकाण, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव. त्या फांदीला ते नाव कायमचे बांधले जाते. पुढे वर्गीकरण कितीही बदलले तरी वाद मिटवताना त्या कागदाकडेच परतावे लागते.

येथे आपल्या काव्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. शब्दांच्या प्रवृत्तीची पतंजलीने सांगितलेली आणि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त चर्चिलेली चतुर्विध विभागणी आपण दरवर्षी वर्गात शिकवतो : जाति, गुण, क्रिया आणि यदृच्छा. वनस्पतींची जातिवाचक नामे या चार घरांत सहज बसतात असे वाटते. पांढऱ्या फुलांची ती 'आल्बा', हा गुण झाला; वर चढणारी ती 'स्कँडेन्स', ही क्रिया झाली; 'रानडेई' ही उघडच यदृच्छा, 'डित्थ' या परंपरागत उदाहरणासारखी. परंतु टाईपचा नियम ध्यानात घेतला की हे चित्र पालटते. नावाचा आधार तो गुण वा ती क्रिया नव्हे, ती एक फांदी आहे. त्यामुळे गुणवाचक दिसणारे नावही व्यवहारात यदृच्छाशब्दच ठरते. पांढऱ्या फुलांच्या 'आल्बा'ला उद्या जांभळी फुले येणारी झाडे सापडली तरी नाव बदलत नाही. नाव अयथार्थ आहे एवढ्या कारणावरून ते टाकता येत नाही, असे संहिता स्पष्टपणे सांगते. पेरू देशाचे नाव धारण करणारी 'सिला पेरुव्हियाना' ही मुळात पश्चिम भूमध्य प्रदेशातली आहे, आणि तिचे नाव तसेच चालू आहे. यौगिक म्हणून जन्मलेला शब्द रूढ म्हणूनच जगतो.

यास्काच्या निरुक्तातही हा वाद येतो. सर्व नामे धातूंपासून झाली या मतावर गार्ग्याचा आक्षेप असा की, तसे असेल तर मार्ग व्यापणाऱ्या प्रत्येकाला 'अश्व' म्हणावे लागेल. कोकणात उगवते म्हणून एखाद्या वनस्पतीला 'कोंकणेन्सिस' म्हटले तर कोकणातल्या उरलेल्या हजारो वनस्पतींनी काय पाप केले, हा तोच आक्षेप आहे. यास्काचे उत्तरही येथे लागू पडते : समान क्रिया करणाऱ्यांपैकी काहींना नाव मिळते, काहींना मिळत नाही, लोकव्यवहार असाच आहे.

या नियमाने होणारा घोटाळा किती दूरवर जातो याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या कुड्याचे आहे. अतिसारावर कुड्याची साल देण्याची रीत आपल्याकडे जुनी, आणि त्याचे बी ते 'इंद्रजव'. लिनियसने एका वनस्पतीला 'अतिसारनाशक' अशा अर्थाचे जातिनाम दिले. ते आपल्या औषधी पांढऱ्या कुड्याचेच, असे समजून औषधिग्रंथांनी पांढरा कुडा दीर्घकाळ 'होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका' या नावाने नोंदवला. पुढे चिकित्सा झाली तेव्हा लिनियसचे नाव श्रीलंकेतील एका वेगळ्याच झुडपाला, राइटिया प्रजातीतल्या, बांधलेले ठरले. आता अतिसारनाशक हे बिरुद त्या बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या फुलांच्या झुडपाकडे आहे आणि आपला औषधी कुडा 'प्युबेसेन्स', म्हणजे नुसता 'लवदार', या नावाने ओळखला जातो. मराठीत मात्र सालीसाठी कोणता कुडा आणायचा हे 'पांढरा' या एका विशेषणाने सांगता येत होते. यावरून लोकनाम शास्त्रीय नामापेक्षा श्रेष्ठ असा निष्कर्ष कुणी काढू नये. चारही 'कुडे' एकाच प्रजातीतले नाहीत. लोकभाषेने त्यांना चीक, शेंगा आणि फुलांच्या साम्यावरून एकत्र बांधले आहे. एकाच नावाची तीन झाडे आणि एकाच झाडाची पाच नावे, ही लोकनामांची नित्याची स्थिती आहे. म्हणूनच ती आधाराशिवाय नोंदवणे धोक्याचे आहे.

व्यक्तींच्या सन्मानार्थ दिलेल्या नावांबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे अलीकडे त्यांचे अप्रूप फार आहे. आंबा घाटाच्या शेजारीच असलेल्या विशाळगडावर सापडलेल्या एका कंदीलपुष्पाला २०२३ साली 'सेरोपेजिया शिवरायियाना' हे नाव देण्यात आले. ते झुडूप नव्हे. पण नावाच्या दृष्टीने 'रानडेई'च्या शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. 'रानडेई' ही षष्ठी. झुडूप उद्या दुसऱ्या प्रजातीत गेले तरी ती बदलणार नाही. 'शिवरायियाना' हे तद्धितासारखे साधलेले विशेषण; ते प्रजातिनामाच्या लिंगानुसार चालते, आणि 'सेरोपेजिया' स्त्रीलिंगी म्हणून ते 'याना'. पहिले नाव म्हणते 'रानड्यांचे', दुसरे म्हणते 'शिवरायांच्या संबंधीची'. दोन्ही नावांत कृतज्ञता आहे. तरी मला 'रानडेई' हे नाव अधिक हलवते, याचे कारण वेगळे आहे. वसाहतीच्या काळात ज्यांनी पायपीट केली त्यांची नावे बहुधा चिठ्ठीवरच राहिली आणि झाडांना गव्हर्नरांची नावे मिळाली. शिवनेरी-जुन्नर भागातल्या 'शिंदळ माकुडी'ला डाल्झेलने १८६५ साली मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने 'फ्रेरिया' ही स्वतंत्र प्रजाती बहाल केली होती. (पुढे ती प्रजाती दुसऱ्या प्रजातीत विलीन करण्यात आली आणि गव्हर्नरसाहेबांना 'फ्रेरेई' या जातिनामावर समाधान मानावे लागले, काळाचा हा न्याय मला आवडतो.) अशा काळात एका मराठी साहाय्यकाचे आडनाव लॅटिनमध्ये गेले, ही वुड्रो आणि स्टाफ यांची सौजन्याची कृती होती.

पण कृतज्ञतेची ही रीत कितीही योग्य असली तरी तिने भाषेत काही भर पडत नाही. व्यक्तिनाम झुडपाविषयी काही सांगत नाही. जिथे झुडपाला आधीच नाव होते, तिथे ते नाव विचारले गेले की नाही, हा प्रश्न म्हणून राहतोच.

विचारले गेल्याची उदाहरणे आहेत. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवरील 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ (१६७८ ते १६९३) डच अधिकारी व्हान रीड यांनी सिद्ध करवला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा हातभार होता. त्यांचे देवनागरी अक्षरांतले कोंकणी प्रमाणपत्र ग्रंथात छापले आहे, आणि चित्रांवर देशी नावे देशी लिप्यांतही दिली आहेत. लिनियसने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. परंतु १७३७ सालीच त्याने ग्रीक-लॅटिन मुळाची नसलेली प्रजातिनामे 'रानटी' ठरवून टाकली होती. त्याच्या या मताचा प्रभाव पुढे बराच टिकला.

मराठी शब्दाने ही वेस ओलांडल्याचे सर्वांत मनोज्ञ उदाहरण कारवीचे आहे. काही वर्षांनी एकदा फुलून सह्याद्रीचे उतार जांभळे करणारे हे झुडूप. डोंगरातल्या घरांचे कूड याच्याच काठ्यांचे. शास्त्रात ते 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा'. १९४४ साली ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने स्ट्रोबिलँथस ही अवाढव्य प्रजाती फोडून तिच्या अनेक प्रजाती केल्या आणि कारवीसाठी जी नवी प्रजाती कल्पिली तिला नाव दिले 'कार्विया'. घाटातला शब्द थेट प्रजातिनाम झाला! पुढील अभ्यासकांना ही फोड मान्य झाली नाही. प्रजाती पुन्हा एकत्र करण्यात आल्या आणि 'कार्विया' हे नाव पर्यायनामांच्या यादीत जाऊन बसले. शास्त्रीय कारणे योग्यच असतील. तथापि एका मराठी शब्दाची ही लॅटिनमधली ये-जा आपल्या एकाही व्युत्पत्तिविषयक लेखात माझ्या वाचनात आली नाही. फारसी-अरबी-पोर्तुगीज शब्द मराठीत कसे आले यावर आपण पिढ्यान्पिढ्या प्रबंध लिहिले. मराठी शब्द बाहेर कुठे गेले, याची आपल्याला फारशी उत्सुकता नाही.

नावांच्या नैतिकतेचा प्रश्नही आता पुढे आला आहे. २०२४ साली माद्रिद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकेतील कृष्णवर्णीयांना हिणवणारा 'काफ्रा' हा शब्द असलेली दोनशेहून अधिक नावे 'आफ्रा' अशी बदलण्याचा निर्णय मतदानाने घेतला. एका अक्षराचा लोप करून अपमान काढून टाकण्याचा हा मार्ग भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. आपल्याकडे या निर्णयाची चर्चा झाली असती तर दोन गोष्टींकडे पाहावे लागले असते. एक, लोकनामेही निष्पाप नसतात. 'शिंदळ माकुडी' हे नाव वर्गात उच्चारताना पहिल्या शब्दापाशी थबकायला होते. दुसरी, परिभाषेत आपण 'स्पीशीज'साठी 'जाती' हा शब्द योजला आहे. न्यायशास्त्राच्या आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. पण 'या दोन जातींचा संकर होत नाही' असे वाक्य पाठ्यपुस्तकात वाचणाऱ्या मुलाच्या मनात काय उमटत असेल, याचा विचार परिभाषा घडवणाऱ्यांनी केला होता का, अशी शंका मला येते. हा शब्द आता बदलता येणार नाही हेही मी जाणतो.

आता ज्या किमतीचा उल्लेख वर केला तिच्याकडे वळतो, आणि तेथे दोष दुसऱ्या कुणाचा नसून माझा आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने आजरा तालुक्यातील बोलीवर लघुप्रबंध लिहिला. काम कष्टाचे होते. परिशिष्टात चारशेच्या आसपास शब्दांची सूची होती. नातेसंबंध, शेतीची अवजारे, स्वयंपाक, सण, सर्व काही नेटके. वनस्पतींच्या शब्दांपाशी मात्र अर्थाच्या रकान्यात 'एक झुडूप' असे अकरा वेळा लिहिलेले होते. मी सही केली. बहिःस्थ परीक्षकांनीही हरकत घेतली नाही. आपल्या थोरल्या कोशांतही 'एक झाड', 'एक प्रकारची वेल' याच्या पुढे न जाणाऱ्या नोंदी विपुल आहेत, तेव्हा त्यांनी तरी ती का घ्यावी?

पुढे वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याने ती सूची चाळली आणि विचारले, "सर, ही अकरा झुडपे कोणती?" मला उत्तर देता आले नाही. विनोद असा की धायटीचे शास्त्रीय नाव 'वुडफोर्डिया फ्रुटिकोजा', आणि 'फ्रुटिकोजा' म्हणजे 'झुडूपवजा'. लिनियसनेही शेवटी 'एक झुडूप' असेच लिहिले होते! फरक एवढाच की, त्याच्या शब्दामागे शोधून काढता येईल असा पुरावा आहे आणि आमच्या अकरा शब्दांमागे काहीच नव्हते.

म्हणून माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. बोलीच्या कोणत्याही शब्दसूचीतील वनस्पतिवाचक शब्दाला एक टाईप असावा. शब्द ज्याने सांगितला त्याने दाखवलेल्या झुडपाची फुलांसह फांदी वाळवून महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये ठेवावी आणि तिचा क्रमांक शब्दाच्या नोंदीत द्यावा. चिठ्ठीवर शब्द देवनागरीत लिहावा. कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (१९०१ ते १९०८) देशी नावे आहेत, पण ती रोमन लिपीत. 'गेळा' रोमन झाला की त्यातला 'ळ' जातो, 'रामेठा'चा 'ठ' ओळखू येत नाही. मराठी विश्वकोशाने वनस्पतींच्या नोंदींत लॅटिन नाव आणि इतर भाषांतील पर्याय देण्याची शिस्त पाळली, हे त्याचे मोठे काम. परंतु कोणते नाव कोणत्या गावचे, हे सांगणे कोशाच्या आवाक्यातले नव्हते. ते आपल्या लघुप्रबंधांच्या आवाक्यात आहे. त्याचबरोबर, लोकांच्या तोंडचे नाव कोणते आणि 'कंदीलपुष्पा'सारखे अभ्यासकांनी घडवलेले दिसते ते कोणते, याचाही भेद नोंदीत राहिला पाहिजे. घडवलेली नावे वाईट नसतात. ती लोकनामे म्हणून कोशात शिरली की घोटाळा होतो. उलट बाजूने, सह्याद्रीतल्या नव्या जातीचे वर्णन करणाऱ्याने नावाची व्युत्पत्ती देताना स्थानिक नावाची एक ओळ लिहावी आणि त्यासाठी आपल्या विभागाकडे यावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल.

हे काम मराठीचे नाही, असे मला दोन-तीन सहकाऱ्यांनी सांगितले आहे. शब्दाचा अर्थ निश्चित करणे हे मराठीचे काम नसेल तर मराठीचे काम कोणते, हे त्यांनी सांगितले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ती विद्यार्थिनी, आता एका महाविद्यालयात अध्यापिका असलेली, तो सहकारी आणि मी असे तिघे पुन्हा त्या गावी गेलो. अकरा शब्द सांगणाऱ्या आजी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. त्यांच्या सुनेला चार शब्द ठाऊक होते. फापट दाखवताना ती म्हणाली, "ह्ये काय विचारायचं हाय व्हय सर, ह्ये तर दारातच हाय." त्या चार झुडपांच्या फांद्या आता आमच्या महाविद्यालयात आहेत, प्रत्येकीच्या चिठ्ठीवर शब्द, गाव, दिनांक आणि सुनेचे नाव आहे. उरलेल्या सात शब्दांपुढे अजून 'एक झुडूप' एवढेच लिहिलेले आहे.